साती आसरांना हुसकावू नका

पंचगंगेविषयी बोलायचं झालं की आपण कोल्हापूरकर लगेच तिला आई करतो. नदी आपली माउली, जीवनदायिनी. घाटावर आरती होते, द्रोणातून दिवे सोडले जातात, व्यासपीठावर पुढाऱ्यांचा कंठ दाटून येतो. त्याच वेळी थोड्या अंतरावर जयंती नाल्याचं सांडपाणी तिच्यात मिसळत असतं. या दोन गोष्टी एकाच संध्याकाळी घडतात आणि कुणाला त्यात विसंगत काही वाटत नाही, कारण आई म्हटलं की ती सगळं पोटात घालणार हे आपण धरूनच चालतो.

नदीला आई म्हणून आपण नदीचं नुकसान केलं, असं माझं मत बनलं आहे. आपल्याच लोककथांत पाण्याची दुसरी रूपंही होती. ती चिडणारी होती, अडवणारी होती, हिशेब मागणारी होती. शिकलेल्यांनी त्यांना अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढलं आणि बाकीच्यांनी गावंढळ म्हणून. मोकळ्या झालेल्या जागेवर आली ती शेपटीवाली, लाल केसांची जलपरी. हा लेख साती आसरांच्या बाजूनं आहे. आसरा खरोखर पाण्यात राहतात असं मी मानत नाही, तरीही तो त्यांच्या बाजूनं आहे.

ज्यांनी त्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. विहिरीच्या कडेला, ओढ्याच्या वळणावर, तळ्याच्या बांधावर शेंदूर फासलेले सात दगड ओळीनं मांडलेले असतात. त्या सात बहिणी. कुठं त्यांना साती आसरा म्हणतात, कुठं जळदेवता, तर पुण्याकडच्या मावळात मावलाया. बऱ्याच ठिकाणी शेजारी आणखी एक दगड असतो, तो त्यांचा भाऊ किंवा राखणदार म्हसोबा. देऊळ नाही, कळस नाही, बहुतेक ठिकाणी पुजारीही नाही. हिरव्या बांगड्या, खण आणि नारळ घेऊन ओटी भरायची, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, झालं. त्या देखण्या आहेत आणि टळटळीत दुपारी किंवा तिन्हीसांजेला पाण्याशी येतात, असं सांगतात. मर्जी असली तर पाणी देतात, पोर देतात. बिनसलं तर माणसाला आत ओढतात. कोकणातला गिऱ्हा, जो रात्री उताराशी हाक मारून वाटसरूला खोल पाण्यात नेतो, तो बुडून मेलेल्या माणसाचं भूत. आसरांचं तसं नाही. त्या मेलेल्या कुणी नाहीत. त्या त्या पाण्याच्या मूळच्या रहिवासी आहेत आणि आपण मागाहून आलेलो आहोत, हीच त्यांच्या गोष्टीतली मुख्य बाब आहे.

माझ्या आजोळी, भोगावतीच्या खोऱ्यात, मळ्यातल्या विहिरीच्या उगवतीला उंबराच्या बुंध्याशी असे सात दगड होते. काही सारख्या उंचीचे, दोन जरा बुटके. पावसाळ्यात शेंदूर धुपून काळा दगड दिसायला लागायचा. आजी विहिरीवर गेली की आधी कळशी खाली ठेवायची, पदर सारखा करायची, दगडांना चिमूटभर कुंकू लावायची आणि मगच रहाटाला हात घालायची. काठावर धुणं धुवायची बंदी होती. धुण्याचा दगड लांब, उताराच्या अंगाला ठेवलेला होता, म्हणजे साबणाचं पाणी उसाच्या सरीत जायचं, विहिरीकडं परत यायचं नाही. आम्ही पोरांनी एकदा काठावर बसून चिखलाचे पाय खंगाळले तेव्हा ती खेकसली होती, "आसरांचं पाणी हाय ते! त्यास्नी उष्टं-खरकटं चालत न्हाई." विहिरीत थुंकायचं नाही, उष्टं भांडं बुडवायचं नाही, पोहायला उतरायच्या आधी हात जोडायचे, आणि एकट्यानं उतरायचंच नाही.

यात पूर्वजांचं काही गुप्त विज्ञान होतं, असला दावा मी करणार नाही. तो दावा हल्ली फार स्वस्त झालाय. आजीला जंतू माहीत नव्हते. तिला एवढंच माहीत होतं की या पाण्याला मालकीण आहे आणि ती मालकीण आपण नाही. सातबारा आजोबांच्या नावावर होता, पण पाण्यापुरता तो सातबारा तिच्या लेखी अपुरा होता.

पुढं विहिरीवर मोटार बसली, घरात नळ आला, रहाट गेला. मळ्याकडचा रस्ता रुंद करताना उंबर तोडला. दगड कधी हलवले, कुणी हलवले, हे आज घरात कुणालाही सांगता येत नाही. विहिरीत आता थर्माकोलच्या पत्रावळ्या तरंगतात.

आज शहरातल्या कुठल्याही पोराला विचारा, पाण्यात कोण राहतं? उत्तर येईल, जलपरी. दप्तरावर ती, पाण्याच्या बाटलीवर ती, वाढदिवसाच्या केकवर ती. तिच्यावर माझा राग नाही. हान्स अँडरसननं 1837 मध्ये लिहिलेली मूळ गोष्ट तर फारच दुखरी आहे. त्यातली पोर माणसाच्या प्रेमापायी जीभ कापून देते, तिच्या नव्या पायांना प्रत्येक पावलाला सुरीवर चालल्यासारख्या वेदना होतात, आणि शेवटी राजपुत्र दुसरीशी लग्न करतो, हिचा फेस होतो. 1989 च्या अमेरिकी चित्रपटानं शेवट बदलून लग्न लावून दिलं आणि आज जगभर पोहोचली आहे ती हीच. पण दोन्हीकडं एक गोष्ट कायम आहे. तिला पाणी नकोय. तिला आपल्यासारखं व्हायचंय. समुद्राच्या तळाशी राजवाडा सोडून ती काठावरच्या माणसाकडं आशेनं बघत बसते. जमिनीवर राहणाऱ्यांना यापेक्षा सुखावणारी गोष्ट कुठली असणार? पाण्यातल्या सगळ्यांना आपल्या बाजूला यायचंय म्हटल्यावर पाण्याचं काय होतंय याची चिंता करायचं कारणच उरत नाही.

आपल्याकडच्या जुन्या गोष्टी नेमक्या उलट दिशेनं वाहतात. उर्वशी पुरूरव्याकडं काही काळ राहते, अट मोडली की निघून जाते. वेड्यासारखा हिंडणारा राजा तिला शोधत तळ्याशी पोहोचतो तेव्हा ती सख्यांबरोबर पाणपक्ष्याच्या रूपात पोहत असते. तो विनवण्या करतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांचा संवाद आहे, आणि त्यात ती त्याला घरी परत जायला सांगते. नागकन्या उलूपी अर्जुनाला गंगेत ओढून आपल्या घरी नेते, त्याच्या घरी नांदायला जात नाही. थायलंडच्या रामकथेत तर सुवर्णमच्छा नावाची मत्स्यकन्या आहे, रावणाची मुलगी. हनुमान लंकेला जायला सेतू बांधतो आणि ही आपल्या माशांना घेऊन टाकलेले दगड एकेक करून काढून नेते. पुढं दोघांचं जुळतं, ती दगड परत आणून देते, हे खरं. पण समुद्रात कुणी भराव घालायला लागलं तर समुद्रातल्या कुणीतरी हरकत घ्यायची असते, एवढी जाण त्या कथेला आहे.

जलपऱ्या खऱ्या की खोट्या हा वाद मी इथं फार रेंगाळू देणार नाही. कोलंबसनं 1493 मध्ये तीन पाहिल्याची नोंद आहे, त्या बहुधा मॅनाटी, म्हणजे पाण्यात राहणारे मोठे सस्तन प्राणी, होत्या. आपल्याकडं कच्छच्या आखातात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याला तिचीच नातलग असलेली डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, आहे आणि ती संकटात आहे. 2012 मध्ये एका टीव्ही वाहिनीनं माहितीपटाच्या थाटात जलपऱ्यांचा बनावट कार्यक्रम दाखवला, तेव्हा अमेरिकेच्या सागरी संस्थेला जलपऱ्यांचा पुरावा नाही असं जाहीर करावं लागलं. त्यातलीच चित्रं अजून आपल्या मोबाइलवर फिरत असतात. विषय संपला. मला रस आहे तो त्या गोष्टी आपल्याकडून काय करून घेतात यात.

पाण्याविषयी मराठीतली सगळ्यात धीट गोष्ट कुठली असं मला विचारलं तर मी शिळासप्तमीची कहाणी सांगेन. श्रावणात बायका ती वाचतात आणि वाचता वाचता तिच्यावरून पुढं निघून जातात, इतकी ती सवयीची झालेली आहे. आटपाट नगरातला राजा गाव वसवतो, तळं बांधतो. तळ्याला काही केल्या पाणी लागत नाही. तो जळदेवतांची प्रार्थना करतो. त्या प्रसन्न होतात आणि म्हणतात, सुनेचा थोरला मुलगा बळी दे, पाणी लागेल. राजा विचार करतो: सून कशी कबूल होणार? मग तिला माहेरी पाठवतो. मुलाला न्हाऊमाखू घालून, दागिने घालून तळ्यात पलंगावर निजवतो. तळं पाण्यानं भरतं. सून माहेराहून परत येते, तळ्याच्या पाळीवर सप्तमीचं वाण देते, काकडीच्या पानावर दहीभात ठेवते, आमच्या वंशात कुणी पाण्यात बुडालं असेल तर ते परत मिळो असं मागते. आणि पाण्यातून कुणीतरी तिचे पाय ओढतं. बघते तर तिचाच मुलगा.

शेवट गोड आहे, व्रताची कहाणी असल्यामुळं तो तसा असणारच. पण मधला भाग बघा. पाणी सगळ्या गावाला हवं होतं. निर्णय राजाचा होता. किंमत मोजली ती सुनेच्या पोरानं, आणि तिला न विचारता, ती गावात नसताना. आमच्या जिल्ह्यातलं पाण्याचं राजकारण इतक्या थोड्या शब्दांत कुणी सांगितलेलं मी वाचलेलं नाही. कोल्हापूर वरच्या अंगाला आहे, इचलकरंजी आणि शिरोळ खालच्या अंगाला. आम्ही संडास-बाथरूमचं पाणी सोडतो, वाटेत साखर कारखाने आणि कापडाचे प्रक्रिया उद्योग, म्हणजे प्रोसेस, आपापली भर घालतात, आणि उन्हाळ्यात पाणी अडलं की तेरवाडच्या बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडतो. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. आपल्या तळ्याला पाणी लागावं म्हणून दुसऱ्याचं पोर पलंगावर निजवायची रीत अजून चालू आहे. कहाणीत निदान जळदेवतांनी किंमत तोंडावर सांगितली होती.

यक्षाची गोष्टही याच जातीची. वनवासात तहानलेले पांडव एका तळ्याशी एकामागून एक येतात. नकुल, सहदेव, अर्जुन, भीम. प्रत्येकाला आवाज येतो: हे तळं माझं आहे, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पाणी पी. चौघंही ऐकत नाहीत. तहान लागलीय, पाणी समोर आहे, आणि कोण हा अडवणारा? चौघं पाणी पितात आणि काठावर मरून पडतात. अर्जुन तर हवेत बाण सोडून बघतो. शेवटी युधिष्ठिर थांबतो, उत्तरं देतो. आपण शाळेत यक्षप्रश्न शिकलो ते त्या उत्तरांसाठी, शहाणपणाची वाक्यं पाठ करायला. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं थांबणं. इतक्या पराक्रमी माणसांनाही तहान हा पुरेसा अधिकार वाटला, आणि तो पुरेसा नव्हता.

कोल्हापूर एके काळी तळ्यांचं शहर होतं, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. कपिलतीर्थात आपण भाजी घेतो. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी फुटबॉलचं स्टेडियम उभं आहे, आणि फुटबॉलवर माझंही या शहरातल्या इतरांइतकंच प्रेम आहे. पण पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचलं की वर्तमानपत्रांत दरवर्षी नव्यानं आश्चर्य व्यक्त होतं, याचं मला आश्चर्य वाटतं. पाणी त्याच्या घरी आलेलं असतं.

2005, 2019 आणि 2021 चे महापूर या शहरानं अंगावर घेतले. राजाराम बंधाऱ्याशी इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आणि शेवटच्या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरांसह बाहेर काढावी लागली, हायवे बंद पडला, शहर बेट झालं. नदीची हद्द दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषा कागदावर आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. इथून आत आमचं, असं पाणी सांगतंय आणि जलसंपदा खातं ते नकाशावर काढून देतंय. आसरांच्या सात दगडांचं कामही तेच होतं. फरक असा की दगडांशी वाटाघाट करायला कुणी जात नव्हतं. पूररेषा मात्र थोडी आत सरकवून मिळेल का, याची चौकशी पूर ओसरल्यावर काही महिन्यांतच सुरू होते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप मला स्वतःलाच बराच काळ छळत होता. नदी पवित्र मानली म्हणून ती स्वच्छ राहिली, असं कुठं झालंय? उलट पवित्र म्हणूनच तिच्यात निर्माल्य, रक्षा, मूर्ती, कपडे सगळं गेलं. मग आसरांना मानून काय होणार? मला वाटतं इथंच आई आणि आसरा यांच्यातला फरक कामाचा आहे. गंगा पाप धुते. तिच्याकडं जायचं तेच घाण उतरवायला. पंचगंगेच्या नावातच गंगा असल्यामुळं आपण तिलाही ते खातं देऊन टाकलं. आसरा कुणाचं पाप धूत नाहीत. त्यांच्याकडं घाण घेऊन गेलं तर त्या घाण करणाऱ्याला धरतात. धर्माच्या नावाखाली दोन्ही येतात म्हणून त्यांना एका पारड्यात टाकू नये.

भाषणात लोकांना कालियामर्दन फार आवडतं, तेही याच कारणानं. कालियानं यमुनेचं पाणी विषारी केलं, कृष्णानं त्याला हाकललं, प्रश्न सुटला. दोषी एकच, आणि तोही बाहेरचा. मग आपापल्या सोयीनं कुणी साखर कारखान्याला कालिया म्हणतो, कुणी इचलकरंजीच्या प्रोसेसना. ते दोषी नाहीत असं मला म्हणायचं नाही, त्यांना धरलंच पाहिजे. पण जयंती आणि दुधाळी नाल्यांतून जे वाहतं ते आपल्या सगळ्यांच्या घरचं आहे. आसरांच्या गोष्टीत असा एक खलनायक काढून मोकळं होता येत नाही. काठावर जो येईल, ज्याचे पाय चिखलाचे असतील, त्याला त्या विचारतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि या शहरात तो हलक्यानं घेता येणार नाही. शाहू महाराजांच्या या गावानं 2015 मध्ये गोविंद पानसरे यांना गमावलं. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा उगीच झालेला नाही. आसरांच्या नावाखाली काय काय झालं ते मी गावाकडं पाहिलेलं आहे. बाळंतपणानंतर कुणी बाई गप्प गप्प राहायला लागली की तिला 'आसरा लागल्या' म्हणायचं आणि डॉक्टरऐवजी देवऋष्याकडं न्यायचं. मूल होत नाही म्हणून सुनेला अमावास्येच्या अमावास्येला विहिरीवर बसवायचं. पाळीच्या दिवसांत पोरींना पाणवठ्यावर फिरकू द्यायचं नाही. पोरगं बुडालं की 'आसरांनी नेलं' म्हणायचं, म्हणजे विहिरीला कठडा का नव्हता हा प्रश्न विचारायला नको. यातलं काहीही टिकवावं असं मी म्हणत नाही. हे सगळं जावं, आणि त्यासाठी लढणाऱ्यांच्या मी बाजूची आहे.

पण उपचार सोडायचा म्हणून गोष्टही सोडायची का? दामोदर धर्मानंद कोसंबी पक्के मार्क्सवादी, गणिताचे प्राध्यापक. ते पुण्याच्या आसपास पायी हिंडून मावलायांची आणि म्हसोबांची ठाणी बघत होते, त्यांच्यावरून जुने रस्ते आणि जुन्या वस्त्या शोधत होते. त्या दगडांपुढं त्यांनी हात जोडले नाहीत आणि ते फेकूनही दिले नाहीत. विवेकवाद्यांनी लोककथेशी कसं वागावं याचा हा मला ठाऊक असलेला सगळ्यात चांगला नमुना आहे.

गोष्टीवर परिणाम होण्यासाठी तिच्यावर श्रद्धा लागते, हेही मला मान्य नाही. जलपरी खरी आहे असं दहा वर्षांच्या पोरीला वाटत नाही, तरी तिला नक्की काय हवंय हे त्या पोरीला पाठ असतं. कल्पित गोष्टीचं काम असंच चालतं. मला आसरा देव्हाऱ्यात नकोत, त्या गोष्टीत हव्यात. रंकाळ्याकडं बघताना मुलाच्या मनात आपसूक प्रश्न यावा की यात राहणाऱ्यांना हे आवडेल का?

हे भाबडं वाटत असेल तर न्यूझीलंडमधलं एक प्रकरण सांगते. तिथल्या माओरी लोकांत तनिव्हा नावाचे जलजीव मानतात, डोहात, वळणावर, दलदलीत राहणारे, त्या त्या टोळीचे राखणदार. 2002 मध्ये वायकाटो भागात मेरेमेरे गावाजवळ महामार्गाचं काम चालू होतं. तिथल्या टोळीनं सांगितलं, या दलदलीच्या तुकड्यात आमचा तनिव्हा राहतो. बरीच टिंगल झाली. पण महामार्ग खात्यानं काम थांबवलं, चर्चा केली आणि आराखडा बदलून तो तुकडा शाबूत ठेवला. अभियंत्यांनी तनिव्हावर विश्वास ठेवला का? तशी गरजच नव्हती. ज्यांचं पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं आहे ते या ठिकाणाबद्दल काही सांगतायत आणि ते ऐकून घ्यावं, एवढं त्यांनी मानलं. पुढं 2017 मध्ये त्याच देशानं वांगानुई नदीला कायद्यानं व्यक्तीचा दर्जा दिला. त्याच वर्षी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानंही गंगा-यमुनेला तसा दर्जा दिला होता, पण काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. पूर आला तर भरपाई नदीकडून मागायची का, असे प्रश्न निघाले. आईवर दावा कोण लावणार आणि आईनं कुणावर लावायचा, हे आपल्याला सुचेना.

रंकाळ्याचंच घ्या. खाणीच्या जागी झालेलं तळं, त्याच्या पोटात रंकभैरवाचं देऊळ आहे म्हणतात. काठचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं, तो पाण्याला टेकला की प्रलय, ही गोष्ट आमच्या पिढीला आजी-आजोबांनी सांगितली. नंदीच्या अंगावर हात ठेवून, तो किती सरकला असेल याचा आम्ही अंदाज करायचो. आता रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या मुलांना हे कोण सांगतं? तिथं चर्चा असते ती दिव्यांची, कारंज्याची, फोटो काढायच्या जागांची, खाऊगल्लीची. सुशोभीकरण या एका शब्दात तळ्याचा सगळा विचार मावतो. पाणी हिरवं पडलं, जलपर्णीनं झाकलं, की ती काढायची यंत्रं येतात आणि नाले जिथल्या तिथं राहतात. इंग्लंडच्या लँकशायरमध्ये डबक्यावर हिरवा थर धरला की त्याखाली जेनी ग्रीनटीथ बसलीय, जवळ जाऊ नका, असं मुलांना सांगायचे. जपानमध्ये अजूनही धोक्याच्या पाण्याकाठी कप्पाचं चित्र असलेले फलक लावतात. आपल्याकडं 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे' हे गंजक्या पत्र्यावर लिहिलेलं असतं, आणि ते कुणी वाचत नाही.

कोल्हापूरला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. गणपतीच्या मूर्ती नदीत सोडायच्या नाहीत, दान करायच्या किंवा इराणी खणीत, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या खाणीत, न्यायच्या, हे सांगणं सुरुवातीला धर्मावर घाला वाटलं होतं. आज हजारो घरं आपणहून ते करतात. लोकांच्या श्रद्धेचा अपमान न करता त्यांच्याशी बोलता येतं, हे या शहराला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. तळ्याचा गाळ काढायचा असेल, घाट नव्यानं बांधायचा असेल, विहिरीवर जाळी टाकायची असेल, तर कामाच्या अंदाजपत्रकात आधी एक पाहणी असावी: इथं आसरांचे, जळदेवतांचे दगड आहेत का, असले तर ते आहेत तिथंच ठेवून काम करावं. त्यांच्यावर संगमरवरी देऊळ बांधू नये आणि दानपेटी तर मुळीच ठेवू नये. शिवाजी विद्यापीठातल्या मराठीच्या मुलांनी करवीर, पन्हाळा, राधानगरी, शिरोळ या तालुक्यांतल्या पाणवठ्यांच्या गोष्टी गावागणिक गोळा कराव्यात, कुठल्या पाण्याची कुठली गोष्ट हे नेमकं लिहून. लग्नाला भांडी देणारं तळं जवळजवळ प्रत्येक तालुक्यात निघेल. आदल्या रात्री काठावर अक्षत ठेवून यायची, सकाळी भांडी वर आलेली असायची, आणि कार्य झालं की घासूनपुसून परत करायची. एकानं एक वाटी ठेवून घेतली आणि तेव्हापासून तळ्यानं देणं बंद केलं. चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगून मुलांना फक्त विचारा की आपण रंकाळ्याची, कळंब्याची, पंचगंगेची कुठली वाटी ठेवून घेतलीय. उत्तरं तीच देतील.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांकडं एक मागणं आहे. आसरांवर कादंबऱ्या लिहा, मुलांसाठी चित्रपुस्तकं काढा. त्यात त्यांना गोड करू नका. त्यांना शेपट्या लावू नका, राजपुत्राच्या प्रेमात पाडू नका, पर्यावरणाचे धडेही त्यांच्या तोंडी घालू नका. त्या मानी आहेत, लहरी आहेत, थोड्या दुष्टही आहेत, त्यांना तसंच राहू द्या. बळी दिलेल्या पोराची आई त्यांच्या दारात येऊन उभी राहते तेव्हा त्यांना काय वाटलं, हे कहाणीनं सांगितलेलं नाही. तिथून सुरुवात करता येईल.